नर्सी ते तांदी : आमच्या भजनी मंडळाच्या लाहौल प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही हिंगोली जिल्ह्यातलं एक साधं भजनी मंडळ. सप्ताह, काकडा, कुणाचं वर्षश्राद्ध, गणपतीत एक-दोन कार्यक्रम, एवढाच आमचा पसारा. गेल्या भाद्रपदात चौदा जण एक ट्रॅव्हलर करून पंजाबात घुमानला गेलो आणि तिथून पुढं रोहतांगच्या डोंगराखालून हिमाचलातल्या लाहौलमध्ये, तांदीच्या नदीसंगमावर उतरलो. आल्यापासून पंगतीत, स्टँडवर, मोंढ्यात तेच ते प्रश्न. फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून पेटीवाल्यानं, म्हणजे मी, एकदाचं सगळं लिहून काढलंय.

इतक्या लांब कशाला गेलात? पंढरपूर जवळ नव्हतं का?

पंढरपूर आहेच, दर आषाढीला पायी जातोच. पण नामदेवराय आमच्या नर्सीचे. परंपरा सांगते की उत्तरायुष्यातली वीसेक वर्षं ते गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळांना ते गाव नकाशात कुठं आहे ते पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून आमचे तात्या, वय ७१, मंडळाचे विणेकरी, एकच वाक्य बोलायचे : "देव गेले तिथवर आपण का नाही?"

लाहौलचं खूळ मात्र पोरांचं. आमचा बासरीवाला पोरगा एकदा मोबाइलवर नकाशा बघत बसला होता. घुमानच्या वर, डोंगरात, एका नदीच्या अंगावर नाव : चंद्रभागा. त्यानं तो मोबाइल तात्यांपुढं धरला. तात्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मग घुमानहून परत कशाला फिरायचं?" झालं, ठरलं.

रस्ता कोणता आणि किती दिवस लागले?

एकूण सतरा दिवस. मीटरवर जाऊन-येऊन ४,८६० किलोमीटर पडले, त्यात रस्ते चुकलेले साठ-सत्तर धरा.

नर्सी, हिंगोली, वाशिम, मग समृद्धी महामार्गानं नागपूर, आणि नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४. हा रस्ता कन्याकुमारीहून श्रीनगरला जातो, त्यामुळं सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, जालंधर अशी गावं आपोआप येत जातात, डोकं चालवावं लागत नाही. पेंचच्या जंगलातून जाताना रस्ता खांबांवर उचललाय आणि खालून जनावरांना जायला वाट ठेवलीय. तिथं आमच्या मावश्या वाघ दिसतो का म्हणून खिडकीला डोळे लावून बसल्या होत्या. दिसली माकडं. चौथ्या दिवशी ब्यास नदी ओलांडली आणि संध्याकाळी घुमानला पोचलो.

तिथून पठाणकोट, कांगडा, बैजनाथ, मंडी, कुलू, मनाली. ही तीच ब्यास, मंडीपासून पुन्हा भेटते आणि मनालीपर्यंत साथ सोडत नाही. मनालीपुढं अटल बोगदा, आणि पलीकडं लाहौल.

कोणत्या महिन्यात जावं?

आमच्यासारख्या शेती करणाऱ्यांना वर्षात एकच फट सापडते. जूनमध्ये पेरणी. मग वारी. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात पाऊस आणि दरडी. मंडी-मनाली रस्ता त्या दिवसांत भरवशाचा नाही, २०२३ च्या जुलैत तर नदीनं रस्त्याचे तुकडेच नेले. दसऱ्यानंतर आपल्याकडं सोयाबीनची मळणी आणि तिकडं बर्फाची तयारी. राहिला भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले, दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो आणि घटस्थापनेला घटात माती घालायला घरी हजर.

पितृपक्षात शुभकामाला निघू नये असं गावात दोघा-तिघांनी ऐकवलं. पण सप्ताह नाही, लग्नं नाहीत, पखवाजवाला रिकामा आहे असे सलग पंधरा दिवस वर्षात दुसरे दाखवा. तात्या म्हणाले, बापाचं श्राद्ध संगमावर करीन. विषय संपला.

घुमानला गायला मिळतं का?

मिळतं, पण आधी विचारायचं. तिथल्या गुरुद्वाऱ्यात रागी मंडळी पेटी-तबल्यावर कीर्तन करतात, त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. नर्सीहून आलो म्हटल्यावर आम्हाला जे प्रेम मिळालं ते लिहिण्यासारखं नाही, सांगण्यासारखं आहे, भेटा, सांगतो. त्यांच्या उच्चारात नामदेव 'भगत नामदेवजी' होतात. आम्ही नामदेवांचे मराठी अभंग म्हणायचे, मग त्यांनी तीच ओढ पंजाबी वळणानं गायची, असं दोन तास चाललं. आमच्या पखवाजाचा धुमाळी ठेका त्यांच्या तबलजीनं तिसऱ्या आवर्तनाला उचलला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डोकं झाकलेलं हवं. फेटेवाल्यांना कुणी काही म्हणालं नाही, टोपीवाल्यांना सेवेकऱ्यानं रुमाल बांधायला दिला. आणि तंबाखू. शीख बांधवांना तंबाखू अजिबात चालत नाही, खिशात डबी घेऊन आत जाणं म्हणजे अपमानच. आमच्या टाळकऱ्यांपैकी चौघांच्या चुना-तंबाखूच्या डब्या गाडीत कुलूपबंद करून किल्ली मी माझ्याजवळ ठेवली. दोन दिवस त्यांनी माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं.

खर्च किती आला?

माणशी साडेचौदा हजार. सगळ्यांत मोठा वाटा गाडीभाडं आणि ड्रायव्हरचा, मग डिझेल, मग टोल. राहणं बहुतेक ठिकाणी गुरुद्वारे आणि धर्मशाळा, त्यामुळं स्वस्तात पडलं. मनाली आणि लाहौलमधल्या केलाँगला खोल्या घ्याव्या लागल्या. कुणी बिदागी दिली का? नाही, आणि मागितलीही नाही.

परमिट वगैरे काय लागतं?

पिवळ्या पाटीची गाडी असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी हे सगळं कागदावर जवळ ठेवा. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, तिथं फोनमधले कागद दाखवता येत नाहीत. मनालीत बाहेरच्या गाड्यांना ग्रीन टॅक्स आहे. रोहतांग खिंडीवर चढायचं असेल तर वेगळं परमिट काढावं लागतं, बोगद्यातून जायला नाही. लाहौलला आपल्या लोकांना दुसरं काही लागत नाही. आधार कार्ड मात्र प्रत्येकाचं हवं, खोली देताना मागतात.

आपलाच ड्रायव्हर चालतो का?

मनालीपर्यंत चालतो. आमचा ड्रायव्हर नांदेड-पुणे झोपेतही मारील, पण घाटाची सवय वेगळी. उतारावर तो ब्रेक दाबूनच गाडी उतरवत होता. बैजनाथच्या पुढं चाकांतून जळका वास यायला लागला तेव्हा एका पंजाबी ट्रकवाल्यानं थांबवून शिकवलं, की ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. मनालीत आम्ही पाच दिवसांसाठी तिथला एक ड्रायव्हर घेतला आणि आमच्या ड्रायव्हरला मागच्या सीटवर टाळ दिले. माझं मत विचाराल तर ह्या खर्चात कंजुषी करू नका.

वाद्यं कशी नेली?

टपावर अजिबात नाही. ऊन, धूळ, पाऊस आणि हादरे, चारही वैरी वर बसलेले असतात. मागची तीनची सीट काढून ठेवली आणि तिथं वाद्यांचं घर केलं. पेटी दोन वाकळींत गुंडाळून, भाता घट्ट बंद, वर खिट्टी. पखवाज आडवा, दोन्ही तोंडांवर जुन्या लुगड्याच्या घड्या. टाळ गव्हाच्या पोत्यात भुश्यात, म्हणजे वाजत नाहीत. बासऱ्या पीव्हीसी पाइपात.

विण्याचा प्रश्न मोठा होता. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हातोहात फिरते. हा सप्ताह नव्हता, तरी तात्यांना ती खाली ठेववेना. शेवटी ड्रायव्हरच्या शेजारची सीट विण्याला दिली, पट्टा लावून. टोलनाक्यावर एकानं विचारलंसुद्धा, हे कोण पॅसेंजर?

तिथल्या हवेत वाद्यं बिघडतात का?

बिघडत नाहीत, बदलतात. वाजवणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर सांगतो.

लाहौल पीर पंजाल डोंगररांगेच्या पाठीमागं आहे. पावसाचे ढग अलीकडंच रिते होतात, पलीकडं कोरडी हवा. म्हणजे सह्याद्रीनं आपल्याला जे केलं तेच पीर पंजालनं त्यांना केलंय. अशा हवेत कातडं ओढलं जातं. आमचा पखवाज मनालीत सुरात मिळवला होता तो केलाँगला सकाळी काढला तर जवळजवळ एका स्वरानं चढलेला. अण्णा, आमचे मृदंगाचार्य, वाद्यांखालचे लाकडी गट्टे वर सारून सैल करत बसले. धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक ही दुसरी कटकट. इथं लावली की तासभर मऊ राहते, तिथं वीस मिनिटांत कडेनं सुकून तडकायला लागली आणि धुम्याचा घुमार जाऊन नुसता ठक्क आवाज. उपाय अण्णांनीच काढला : कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवायची, दोन अभंगांच्या मध्ये ओला रुमाल टाकून ठेवायचा. वाजवून झालं की खरवडून काढायचीच, नाही तर कातडं वाळून धरतं.

बासरीचं उलट. बासरीचा सूर हवेतल्या नादाच्या वेगावर असतो आणि तो वेग तापमानावर. ३० अंशाला नाद सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, ० अंशाला ३३१. हिशेब केला तर जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक पडतो. फुंकेनं बांबू आतून गरम होतो म्हणून पूर्ण तेवढा पडत नाही, पण पहाटे पाच-सहा अंशांत बासरी उतरली हे कानाला लगेच कळलं. पेटीचा स्वर पितळी पट्टीतून येतो, ती थंडीत फारशी हलत नाही. म्हणजे पखवाज वर, बासरी खाली आणि पेटी जिथल्या तिथं. पहिल्या दिवशीच्या काकड्याला आम्ही तिघं तीन गावचे वाटत होतो. बासरीवाल्यानं मग बासरी स्वेटरच्या आत पोटाशी ठेवायला सुरुवात केली.

पेटीचं दुखणं धुळीचं. एक स्वर अडकला, सतत वाजत राहिला. वरची फळी काढून पट्टीखालून पातळ कागद ओढला, निघाली खडीची बारीक कणी. तेव्हा छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि मऊ ब्रश जवळ ठेवा. टाळांना काहीच झालं नाही. टाळांना कधीच काही होत नाही.

आणि गाणाऱ्यांचा आवाज?

सगळ्यांत जास्त चुकलो ते इथं. केलाँग सुमारे ३,१०० मीटरवर आहे, आपलं हिंगोली साडेचारशेच्या आसपास. वर हवेत प्राणवायूचा वाटा तोच २१ टक्के असतो, पण हवाच विरळ. दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास उतरतो. आमची नेहमीची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. वारकरी माणूस, वरच्या पट्टीत टीपेला गेल्याशिवाय भजन झाल्यासारखं वाटत नाही. पहिल्याच अभंगात ध्रुपदाची ओळ एका दमात पुरी होईना. गायनाचार्य लाल झाले. धाकटा टाळकरी पावली खेळायला गेला आणि तिसऱ्या पावलाला भिंत धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता पेटी काळी एकवर, म्हणजे बरीच खाली, धरली. अण्णांचा पखवाज त्या पट्टीला बसेना, त्यांची कुरकूर झाली, पण माणसं गायला लागली. लय निम्मी. ओळीच्या मध्ये श्वास घ्यायचा आणि तो लपवायचा नाही. आणि खरं सांगतो, वीस वर्षं जे अभंग ओरडून म्हणत होतो त्यांतले शब्द मला तिथं पहिल्यांदा ऐकू आले. गावात आल्यावर एका हरिपाठाला मी पुन्हा काळी एक धरून बघितली. लोकांनी विचारलं, तब्येत बरी नाही का?

घशासाठी : कोमट पाणी सारखं घोटघोट, ज्येष्ठमध, आणि पहाटे तोंडावरून उपरणं.

विरळ हवेचा त्रास झाला का?

झाला. बहुतेकांना पहिल्या रात्री डोकं जड आणि झोप तुटक, एवढंच. त्याचं कारण आम्ही मनालीत, साधारण २,००० मीटरवर, दोन रात्री थांबलो होतो. डॉक्टरांचा नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही.

हा नियम आमच्यातल्या सहा जणांनी मोडला. चंद्रा नदीच्या वरच्या अंगाला असलेलं चंद्रताल सरोवर बघायचं म्हणून तिथली सुमो करून ग्रांफूवरून बातलला गेलो. केलाँगच्या ३,१०० वरून एकदम चार हजारांच्या जवळ मुक्काम. रात्री अण्णांना उलट्या, डोकं फुटतंय म्हणाले, बोटाला लावायच्या यंत्रात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ७४. केलाँगला नव्वदच्या आसपास होता. फोन नाही, दवाखाना नाही. पहाटे फटफटल्याबरोबर गाडी खाली वळवली. सिस्सूला येईपर्यंत अण्णा चहा मागायला लागले होते. ह्या दुखण्यावर खाली उतरणं हेच औषध, डब्यातल्या ऑक्सिजननं फार तर वाटेपुरतं भागतं. चालताना झोकांड्या जाणं, बोलण्यात घोटाळा, बसल्या जागी धाप लागणं, ह्यातलं काही दिसलं तर रात्र काढायची नाही, लगेच उतरायचं. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी काही जण आधीपासून घेतात. बीपी, साखर, सल्फाची ॲलर्जी असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आम्ही निघण्याआधी सगळ्यांची तपासणी करून घेतली होती आणि दोघांना घरी ठेवलं होतं. ते दोघं अजून रागात आहेत.

चंद्रताल राहिलंच. शेवटचा टप्पा पायी आहे असं ऐकलं होतं. आम्ही पायापर्यंत पोचलोच नाही.

जेवणाचं कसं केलं?

पाच किलोचा गॅस, एक मोठा कुकर, ज्वारीचं पीठ, येसर, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, आणि पहिल्या तीन दिवसांसाठी धपाटे. कुकरशिवाय जाऊ नका. केलाँगला पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ संध्याकाळपर्यंत टणटणीत राहील. ठेच्याच्या बरणीचं झाकण बोगद्याच्या पलीकडं उघडलं तर फट्ट आवाज झाला आणि मावशीच्या पातळावर हिरवा शिक्का बसला. तिथं राजमा-भात, मोमो, थुकपा मिळतो. सप्टेंबर म्हणजे तिथं बटाटा, फ्लॉवर काढायचा हंगाम. ज्यांच्याकडं उतरलो त्या घरचे आजोबा रोज टोपलीभर काही तरी आणून द्यायचे आणि आमच्या सोयाबीनचा भाव विचारायचे. भाव ऐकून तेसुद्धा हळहळले.

बायकांनी यावं का? सोय होते का?

आमच्यात तीन मावश्या होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, आणि त्यांनी सगळ्यांत कमी तक्रार केली. महामार्गावर पेट्रोल पंपांची सोय ठीक. लाहौलच्या जुन्या घरांत पाण्याशिवायचं कोरडं संडास असतं, माती-राख टाकायची. थंडीत पाणी गोठतं तिथं तेच शहाणपणाचं. खोली घेताना विचारून घ्या. नऊवारीवर स्वेटर आणि पायात बूट-मोजे हा वेश मावश्यांनी एवढा पसंत केला की मोजे आता काकड्यालासुद्धा येतात.

तांदीला नेमकं काय आहे?

बघायला म्हणाल तर फार काही नाही. केलाँगच्या अलीकडं सात-आठ किलोमीटरवर रस्त्यालगत दोन नद्या मिळतात. एक चंद्रा, दुसरी भागा. दोघी बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी निघतात, एक लांबून वळसा घालून येते, दुसरी सरळ उतरते, आणि तांदीला एकत्र होऊन चंद्रभागा होतात. हीच पुढं जम्मूत चिनाब. तिथं गोष्ट सांगतात : चंद्रा ही चंद्राची लेक, भागा हा सूर्याचा मुलगा, दोघांचं मन जडलं, डोंगराला फेरा घालून दोघं इथं भेटले. लाहौलचे लोक अस्थी इथं सोडतात.

पंढरपूरला भीमा नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. म्हणजे आपली चंद्रभागा नावानं चंद्रभागा, आणि ही चंद्रा अधिक भागा. कोणती खरी, यावर गाडीत मनालीपासून वाद चालला होता. गायनाचार्यांचं म्हणणं, आपली ती खरी, तिथं विठ्ठल आहे. पोरांचं म्हणणं, नकाशात ही आहे.

आम्ही सकाळी नऊला खाली उतरलो. पाणी राखाडी, बर्फाचं, एवढ्या जोरात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. वाटलं होतं इथं जोरदार भजन करू. पेटी मांडली, पहिला स्वर धरला, आणि मलाच तो ऐकू येईना. पखवाजाचा धुमा तेवढा कळत होता. नदीपुढं काळी चार काय आणि काळी एक काय. तात्यांनी हातानं थांबा म्हटलं. त्यांनी विणा गळ्यात घेतला, टाळकऱ्यांना टाळ कापडात धरायला लावले आणि काठावर गोल करून, डोक्याला डोकं लागेल असं उभं केलं. तेवढ्या गोलाच्या आत ऐकू येईल एवढ्याच आवाजात आम्ही गायलो. तीन अभंग. बाहेरच्या माणसाला फक्त नदी ऐकू आली असेल.

मग तात्यांनी बापाच्या नावानं तर्पण केलं आणि नर्सीहून बाटलीत आणलेलं कयाधूचं पाणी संगमात सोडलं. कयाधूला तेव्हा बरं पाणी होतं, नाही तर आम्ही काय नेलं असतं देव जाणे. परत गाडीत चढल्यावर कोणती खरी हा वाद कुणी काढला नाही. भजी खायची की पराठा, यावर निघाला.

त्रिलोकनाथला गेलात का?

तांदीहून चंद्रभागेच्या कडेनं खाली चाळीसएक किलोमीटर. एकच मूर्ती, पांढऱ्या संगमरवराची. बौद्ध तिला अवलोकितेश्वर म्हणून पुजतात, हिंदू शिव म्हणून. पुजारी लामा, बाहेर फिरवायची प्रार्थनाचक्रं, आत घंटा. आमच्यातल्या एकाला प्रश्न पडला की इथं अभंग चालेल का. तात्या म्हणाले, आपल्या गंगाखेडच्या जनाबाईनं आणि पैठणच्या नाथांनी विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटलंय, तुला काय अडचण आहे? विचारलं, परवानगी मिळाली. बाहेरच्या अंगणात बसून एक म्हटला. गोंपांमध्ये, म्हणजे बौद्ध मठांत, पूजा चालू असताना वाद्य काढू नका. केलाँगच्या समोरच्या डोंगरावर कारदांग गोंपा आहे, तिथं त्यांचे लांब कर्णे आणि ढोल ऐकले. तो खर्ज ऐकून अण्णा दिवसभर गप्प होते.

तिथल्या लोकांना मराठी कळतं का?

कसं कळेल? त्यांच्या आपसातल्या बोल्या वेगळ्या, हिंदी सगळ्यांना येते. आमची हिंदी म्हणजे "इधर से उधर कैसे जाने का", तरी काम भागलं. वाटेत गद्दी मेंढपाळ भेटले, थंडीच्या आधी कळप घेऊन खाली निघालेले, कुत्री, घोडी, लेकरं, सगळा संसार सोबत. आपले धनगरच. त्यांच्यातला एक म्हातारा टाळ हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत होता. एक जोडी त्यालाच देऊन टाकली.

काझा आणि लेह का केलं नाही?

बातलचं वाचलंत ना? कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर, रस्ता म्हणजे नाल्यातले दगड. पंचविशीतल्या पोरांनी जरूर जावं. चौदा माणसांत चार जण साठीच्या पुढचे असताना नाव लावायला म्हणून ठिकाणं गोळा करू नयेत असं मला वाटतं. लाहौलमध्ये चार दिवस राहिलो तेही कमीच पडले.

बोगद्यात थांबता येतं का?

नाही. ९ किलोमीटरचा आहे, आत थांबून फोटो, नाच, भजन काही चालत नाही, पोलीस दंड करतात. बसल्या जागी टाळ वाजवायला मनाई नव्हती, आम्ही वाजवले. अलीकडं देवदार आणि ढग, पलीकडं उघडे डोंगर आणि कोरडं ऊन, बाहेर पडताना मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर उन्हाळ्यातल्या आपल्या माळासारखं!" मागं बर्फ होता तेवढाच फरक.

व्हिडिओ कुठं बघायला मिळेल?

तांदीचा व्हिडिओ आहे, सात मिनिटांचा. त्यात चौदा माणसं तोंडं हलवताना दिसतात आणि नदीचा आवाज येतो. घुमानचा चांगला आलाय, पेनड्राइव्ह घेऊन या.

चंद्रभागेचं पाणी आणलं का? थोडं मिळेल का?

आणलं होतं, पाण्याच्या बाटलीत दोन लिटर. सांडू नये म्हणून मीच शहाणपणानं पेटीशेजारी वाकळीत खोचून ठेवली. सागरच्या पुढं एका खड्ड्यात टोपण उडालं. पेटी वाचली, खालची वाकळ भिजली. ती अजून बायकोनं धुऊ दिलेली नाही, घडी घालून देवघराखाली ठेवलीय. ज्यांना तीर्थ हवंय त्यांनी येऊन वाकळीला हात लावून जावा.